नारोबाची फिर्याद

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी हळर्णचा किल्ला उभा आहे. 1746 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून जिंकून घेतला आणि पुढे त्याला ‘आलोर्नाचा मार्किस’ ही पदवी मिळाली. जिंकलेला प्रदेश आणि त्यातील द्रव्य जेत्याचे, असाच त्या काळचा रिवाज होता. पराभूताने त्याविरुद्ध दाद मागावी तरी कोणाकडे?

पुढे महाराष्ट्रातील एका किल्लेदाराच्या प्रकरणात हा प्रश्न प्रत्यक्ष न्यायासनापुढे आला. नोव्हेंबर 1817 मध्ये पुणे इंग्रजांच्या हाती गेले. मे 1818 मध्ये रायगड पडला आणि जूनमध्ये दुसरा बाजीराव शरण आला. रायगडाचा किल्लेदार नारोबा गोविंद औटी याला किल्ल्याच्या तहातील सवलती नाकारण्यात आल्या. पुण्यात स्वतःच्या घरी राहण्याची मुभा त्याला मिळाली, पण ती लष्करी नजरेखाली. त्याच वर्षी त्याच्या घरातील द्रव्य जप्त झाले. जप्तीची जबाबदारी होती कमिशनर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि कॅप्टन रॉबर्टसन या दोघांवर.

नारोबाच्या मृत्यूनंतर त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात या दोघांवर दावा लावला. प्रतिवादींपैकी एल्फिन्स्टन हा 1819 पासून 1827 पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता, हे लक्षात घेतले म्हणजे या दाव्यातील धैर्य कळते. वादींचे म्हणणे सरळ होते. जप्तीच्या वेळी पुण्यात लढाई चालू नव्हती. शहर कित्येक महिने निर्वेधपणे नव्या सरकारच्या ताब्यात होते आणि तेथे त्याच सरकारची न्यायालये बसत होती. मग रयतेचे द्रव्य लष्करी हुकुमाने कसे नेता येईल? मुंबईच्या न्यायाधीशांनी वादींच्या बाजूने निकाल दिला.

प्रकरण विलायतेस प्रिव्ही कौन्सिलकडे गेले. 1830 साली लॉर्ड टेंटर्डन यांनी निकाल फिरविला. काळ, स्थळ आणि व्यक्ती पाहता ही शत्रूच्या मालाची जप्ती ठरते. रण धडाडत नसले तरी युद्ध पुरते संपलेले नव्हते. म्हणून मुलकी न्यायालयाला यात अधिकारच नाही, असे त्यांनी ठरविले. काही गैर घडले असेल तर दाद सरकारकडेच मागावी, असेही त्यांनी सांगितले.

या निर्णयात व्यवहाराचा अंश आहे. सेनापतीच्या प्रत्येक हुकुमाची रणांगणावरच छाननी होऊ लागली, तर युद्ध चालणार नाही. परंतु युद्ध संपले की नाही, हे कोणी ठरवावयाचे? ज्याने द्रव्य नेले त्याच्याच दारी फिर्याद न्यावयाची असेल, तर हक्क कागदावर राहतो आणि उपाय मात्र नाहीसा होतो.

हा प्रश्न नारोबाबरोबर मिटला नाही. 1930 साली सोलापुरात लष्करी कायदा जारी झाला, तेव्हा त्याखालील शिक्षांच्या वैधतेचा वाद मुंबई हायकोर्टापुढे आला. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने 32 व्या आणि 226 व्या कलमांनी नागरिकाला न्यायालयाचे दार उघडून दिले. तथापि लष्करी कायद्याच्या काळातील कृत्यांना संसदेने संरक्षण देण्याची तरतूद 34 व्या कलमात आहेच. तलवार म्यान झाल्यावर तिचा हिशेब कोणी घ्यावा, हा नारोबाच्या वारसांचा प्रश्न म्हणूनच अद्यापि जुना झालेला नाही.