कुर्ल्याची गाडी, चंदीगडचे रस्ते

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहिली ती एक फिकट निळी फियाट. मंडळाचे गणेशोत्सव, नाट्यप्रयोग आणि कोजागरीची संमेलने यांविषयी अधिकाराने लिहिणारी ज्येष्ठ मंडळी आपल्यात आहेत. मी बी. ए.ला इतिहास घेतला होता खरा. परंतु पुढे सरकारी नोकरीत त्याचा उपयोग नस्तींवरील टिपणांपलीकडे फारसा झाला नाही. तेव्हा राजेरजवाडे बाजूला ठेवून, ज्या जुन्या आणि स्वस्त मोटारीने आपल्यापैकी अनेकांना वर्षानुवर्षे घरून कचेरीत व कचेरीतून घरी पोहोचविले, तिचाच वृत्तांत सांगावा असे योजिले आहे. तो सुरूही आपल्याच मुलखात होतो.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी जहाजे बांधली, विमानांचा कारखाना काढला. तशीच मोटार हिंदुस्थानातच तयार व्हावी ही त्यांची जुनी आकांक्षा होती. महायुद्धाच्या काळात परकीय सरकारने या बाबतीत त्यांना दाद दिली नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या बनावटीच्या गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या. इटलीच्या फियाटशी संबंध जडला तो त्यानंतर. १९५१ च्या सुमारास चिमुकली फियाट ५०० आली आणि १९५४ पासून फियाट ११००. तिचा मूळ आराखडा दान्ते जिआकोसा या इटालियन अभियंत्याचा. वालचंदशेठ १९५३ साली निवर्तले. ही गाडी घरोघरी पोहोचलेली काही त्यांना पाहावयास मिळाली नाही.

त्याच वर्षी जकात आयोगाने असे ठरविले, की नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्यांना या देशात स्थान नाही; येथेच उत्पादन करावयाचे असेल तर राहावे. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स आणि तिच्यामागोमाग फोर्डही निघून गेली. मागे उरल्या त्या मुख्यतः अँबॅसडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. गाड्या थोड्या आणि मागणारे फार, अशी स्थिती झाल्यावर १९५९ साली मोटारींच्या वितरण व विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश निघाला. अनामत रक्कम भरावयाची, नाव नोंदवावयाचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावयाची! सरकारी कर्मचाऱ्याला त्यातल्या त्यात एक सोय होती, ती मोटार अग्रिमाची. मात्र कर्ज फिटेपर्यंत ती गाडी राष्ट्रपतींच्या नावे गहाण असे. आपल्या आवारातील अमुक एका फियाटवर आपला बोजा आहे, याची वार्ता राष्ट्रपतिभवनात कोणास होती की नाही, कोण जाणे! नव्या गाडीचा भाव सरकारने बांधून दिलेला आणि जुन्या गाडीचा भाव गरजवंताने ठरविलेला. त्यामुळे चालू स्थितीतील जुनी फियाट नव्या गाडीहून महाग विकली जाई.

या व्यवस्थेला आपण पुष्कळ दूषणे दिली आहेत, आणि ती वाजवीच आहेत. परंतु तिचा एक परिणाम कोणी फारसा ध्यानात घेत नाही. इटलीत या गाडीचा संसार साठीच्या दशकातच आटोपला. आपल्याकडे १९६४ ची 'डिलाइट', फियाटबरोबरचा करार संपल्यावर १९७३ ची 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासूनची 'पद्मिनी' ही नावे बदलत गेली. इंजिन मात्र तेच १०८९ घन सेंटिमीटरचे, गिअरचा दांडा तोच स्टिअरिंगला लटकलेला आणि मागचे पाटेही तेच. लोकांनीही नवी नावे मनावर घेतली नाहीत, शेवटपर्यंत ते 'फियाट'च म्हणत राहिले. ज्या वस्तूत तीसपस्तीस वर्षे फारसा बदल होत नाही, तिचे ज्ञान कारखान्याबाहेर पडते आणि रस्त्यावरच्या माणसाचे होते. एका गाडीचा भाग दुसरीस चाले. कोणत्याही गावी झाडाखाली बसलेल्या कारागिराला तिचे पोट पाठ असे. अल्प वेतनाच्या माणसाला बारा वर्षांची गाडी रोज चालविणे परवडले ते यामुळे.

आता या शहराकडे येतो. ल कॉर्बुझिए यांनी १९५१ साली चंदीगडचा आराखडा केला तोच मुळी रस्त्यांच्या प्रतवारीवर. वेगवान रस्त्यांनी वेढलेला आठशे मीटर रुंद व बाराशे मीटर लांब असा एकेक सेक्टर, आणि आत शिरता शिरता मंद होत जाणारे मार्ग. शहर मोटारीसाठी आखलेले. परंतु प्रारंभी येथे राहावयास आलेला कारकून सायकलवरच होता. पुढे पंचकुला आणि मोहाली वाढली, घरे दूर गेली. मग दुपारच्या उन्हात आणि पौषातल्या धुक्यात दहाबारा किलोमीटर रोज जावयाचे, तर चार चाके हवीत असे वाटू लागले.

मी १९९६ साली बदलीवर येथे आलो आणि मोहालीत भाड्याने राहिलो. कचेरी सेक्टर १७ मध्ये. पुढच्या वर्षी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून १९८६ सालची एक पद्मिनी घेतली आणि आचरण नियमांप्रमाणे कचेरीस रीतसर कळविले. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आल्यापासून जुन्या फियाटचा भाव उतरला होता, म्हणून ती आमच्या आवाक्यात आली. विकणाऱ्याने 'एकाच हातची गाडी' म्हणून शपथेवर सांगितले. पहिल्याच पावसाळ्यात मध्य मार्गावरील तळ्यातून जाताना खालून पाणी येऊन माझे बूट भिजले. मॅट उचलून पाहतो तो तळाचा पत्रा गंजून गेलेला, वर डांबर फासून टिनचा तुकडा बसविलेला! सौभाग्यवतींनी त्या प्रसंगी काढलेले उद्गार येथे देत नाही.

त्या गंजामुळेच मनीमाजऱ्याच्या मोटार बाजारातील एका वृद्ध सरदारजींशी गाठ पडली. त्यांना सारे 'उस्तादजी' म्हणत, मीही तसेच म्हणू लागलो. शाळेचा उंबरा त्यांनी फारसा ओलांडला नसावा. पण बॉनेट उघडण्यापूर्वी ते मिनिटभर डोळे मिटून इंजिन ऐकत. "बाऊजी, गड्डी बोलदी है, तुसीं सुणदे नहीं," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. टॅपेटची टिकटिक कोणती आणि बेअरिंगची ठोक कोणती, हे त्यांनी मला कानाने ओळखावयास शिकविले. जूनमध्ये पारा त्रेचाळीसवर गेला की नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी चौकात बसे. अशा वेळी सेल्फ मारीत न राहता पेट्रोल पंपावर ओले फडके घालावे आणि दहा मिनिटे थांबावे. मी मटका चौकात रुमाल ओला करून असा कितीदा उभा राहिलो आहे! किंगपिनला वेळच्या वेळी ग्रीस दिले नाही तर स्टिअरिंग जड होते आणि मग टायर एका बाजूने झिजतात. ग्रीसचे पैसे वाचविणारा टायरवाल्याचे घर भरतो, असे ते म्हणत. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण थंडीत घामेजते, म्हणून एक कोरडे सुती फडके सदैव गाडीत ठेवावे, हाही त्यांचाच उपदेश.

या फडक्याचे मोल मला २००१ च्या जानेवारीत कळले. वडील सांगलीहून आमच्याकडे आलेले. रात्री दोनच्या सुमारास त्यांच्या छातीत कळा येऊ लागल्या. बाहेर हात दिसू नये असे धुके, रस्त्यावर रिक्षा नाही. चोक ओढून सेल्फ मारला. इंजिन नुसते कण्हले. दोनदा, तीनदा. बॅटरी उतरत चालली होती. मागच्या आसनावर वडील आईचा हात धरून गप्प बसले होते. मी खाली उतरलो, विजेरी दातांत धरली, झाकण काढून आतून पुसले, पॉइंट पुसले, वायरी बसविल्या. शेजारचे वर्माजी आणि त्यांचा मुलगा स्वेटर चढवून धावत आले आणि त्यांनी धक्का दिला. दुसऱ्या गिअरला क्लच सोडताच तिने एक ठसका दिला आणि ती चालू झाली. पी. जी. आय.पर्यंत मी पदपथाच्या कडेचे पांढरे दगड पाहत गाडी नेली. वडील त्यानंतर सहा वर्षे होते. ते सांगलीच्या पत्रात माझ्या आधी गाडीची खुशाली विचारीत.

सुटे भाग मिळविण्याची तऱ्हाही सांगितली पाहिजे, कारण तिच्यात मंडळाचा वाटा आहे. येथे मिळणाऱ्या काही मालाचा उस्तादजींना भरवसा नसे. "बंबई दा माल मँगवाओ," ते म्हणत. कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर जुन्या गाड्यांचे भाग विकणारी दुकानांची रांग आहे. मंडळातील कोणीही सुट्टीवर मुंबईस निघाले, की त्याच्या यादीत मेतकूट, कोकम, दिवाळी अंक यांच्या जोडीला आमच्यापैकी कोणाचा तरी फॅनबेल्ट नाही तर वॉटर पंप असे. पश्चिम एक्सप्रेसच्या कालक्याला जाणाऱ्या डब्यातून हे सामान यावयाचे. एका वर्षी तर लोणच्याची बरणी फुटून कार्बोरेटरच्या वायसराला मोहरीचा वास लागला होता! त्या काळी मंडळातील किमान चार कुटुंबांकडे फियाट होत्या आणि एकाच्या घरी पडलेला जुना डायनामो दुसऱ्याच्या गाडीत फिरे. गणपतीची मूर्ती मागच्या सलग आसनावर मांडी घालून नेमकी बसे, म्हणून आणण्याचा मानही तिचाच.

२००० साली देशभर शिसेरहित पेट्रोल झाले, कुर्ल्याचे उत्पादनही त्याच सुमारास थांबले. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर मी गाडीची फेरनोंदणी पाच वर्षांसाठी केली, मग आणखी पाच. २०११ मध्ये तिसऱ्यांदा करावयाची वेळ आली तेव्हा तळाचा पत्रा तिसऱ्यांदा गेला होता आणि उस्तादजींची दृष्टी मंदावली होती. त्यांचा मुलगा चांगला आहे, पण त्याच्या हाती गाडीला जोडावयाचे संगणकयंत्र असते. ज्या गाडीला जोडावयास जागाच नाही, तिचे तो काय करणार? मी पंधरा दिवस अर्ज खिशात घालून हिंडलो आणि शेवटी तो दिला नाही. (२०२२ पासून हे शुल्क सहाशेचे पाच हजार झाले, तेव्हा पुष्कळांचा निर्णय सरकारनेच करून टाकला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.)

भंगारवाला वजनावर भाव देऊन गाडी न्यावयास येणार होता, त्या सकाळी उस्तादजी नातवाच्या स्कूटरवर मागे बसून आमच्या दारी आले. चहा घेतला. मग हाताने चाचपीत कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर आणि गतवर्षीच कुर्ल्याहून आलेला वॉटर पंप त्यांनी स्वतः सोडविला आणि गोणपाटात बांधला. रोपडला एका मास्तरांची फियाट अजून चालते, तिला लागेल, म्हणाले. पैसे किती द्यावयाचे असे त्यांनी विचारले. मी ते सुती फडकेही गोणपाटात ठेवले.