फोमचं आरसी विमान पहिल्याच उड्डाणात का पडतं? किट जोडताना नवख्यांनी कोणत्या गोष्टी तपासाव्यात?

सकाळची वेळ आणि मोकळं मैदान. हातातून सुटलेलं फोमचं विमान नाक वर करतं, क्षणभर हवेत थबकतं, एका बाजूला कलंडतं आणि जमिनीवर आपटतं. आठवडाभराची मेहनत आणि काही हजार रुपये तीन-चार सेकंदांत मातीत जातात. 'आपल्याला हे जमणार नाही' असं म्हणून अनेक जण हा छंद तिथेच सोडून देतात.

पण अशा अपघाताचं कारण बऱ्याचदा उडवणाऱ्याच्या हातात नसतं. घरी टेबलावर विमान जोडतानाच ते तयार झालेलं असतं. ते कसं, आणि ते टाळायचं कसं, हे समजून घेऊ.

किटमध्ये नेमकं काय मिळतं?

रिमोट कंट्रोल म्हणजेच 'आरसी' विमानं साधारण तीन प्रकारांत विकली जातात. 'आरटीएफ' म्हणजे रिमोट आणि बॅटरीसकट उडवायला जवळपास तयार. 'पीएनपी'मध्ये मोटर आणि सर्व्हो बसवलेले असतात, पण रिमोट, रिसीव्हर आणि बॅटरी वेगळी घ्यावी लागते. नुसतं 'किट' म्हटलं, तर अनेकदा फक्त फोमचे कापलेले भाग आणि काही बारीकसारीक सामान मिळतं. खोक्यावरचं चित्र पाहून खरेदी करणारे इथेच फसतात. किट घेतल्यावर आणखी या वस्तू लागतात:

- ब्रशलेस मोटर आणि प्रोपेलर: विमानाला पुढे ओढण्यासाठी.
- ईएससी: मोटरचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट. बहुतेक ईएससी रिसीव्हर आणि सर्व्होंनाही सुमारे ५ व्होल्टचा पुरवठा करतात.
- सर्व्हो: पंख आणि शेपटीवरच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटर. लहान विमानात साधारण ९ ग्रॅम वजनाचे सर्व्हो चालतात.
- ट्रान्समीटर आणि रिसीव्हर: हल्ली बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे.
- लिपो बॅटरी आणि बॅलन्स चार्जर.

पहिलं विमान निवडताना लढाऊ विमानांच्या देखण्या प्रतिकृतींचा मोह टाळावा. पंख वरच्या बाजूला असलेलं आणि दोन्ही पंखांची टोकं किंचित वर उचललेली असलेलं 'ट्रेनर' विमान शिकायला सोपं. पंखांच्या या उथळ 'व्ही' आकारामुळे विमान कललं तरी पुन्हा सरळ व्हायला मदत होते.

गोंदाची पहिली चूक

सगळे फोम सारखे नसतात. ईपीओ आणि ईपीपी हे लवचिक फोम आपटले तरी बऱ्याचदा चिकटवून पुन्हा वापरता येतात. थर्माकोल मात्र ठिसूळ असतो.

फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद, म्हणजे सायनोअॅक्रिलेट, ईपीओवर चालतो. तोच थर्माकोलवर टाकला, तर फोम डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडतो. थर्माकोलसाठी 'फोम-सेफ' लिहिलेला गोंद, इपॉक्सी किंवा कमी तापमानाची हॉट ग्लू गन वापरावी. फोम कोणता आहे याची खात्री नसेल, तर उरलेल्या तुकड्यावर आधी थेंबभर गोंद टाकून पाहावा.

गोंद लावण्याआधी सगळे भाग कोरडेच जुळवून बघावेत. मागून पाहिल्यावर आडवी शेपूट पंखाला समांतर आणि उभी शेपूट सरळ दिसली पाहिजे. पीळ पडलेला पंख विमानाला सतत एका बाजूला ओढतो.

मोटर वाकडी दिसली तरी सरळ करू नका

अनेक किटमध्ये मोटर किंचित खाली आणि उजवीकडे वळलेली असते. नवख्यांना ही चूक वाटते आणि ते ती 'दुरुस्त' करतात. खरं तर तो कोन मुद्दाम दिलेला असतो. वेग वाढवल्यावर विमानाचं नाक वर उचललं जाऊ नये आणि प्रोपेलरच्या फिरण्यामुळे ते डावीकडे ओढलं जाऊ नये, यासाठी.

प्रोपेलरची आकडे छापलेली बाजू विमान जाण्याच्या दिशेला हवी. मोटर उलटी फिरत असेल, तर ईएससीला जोडणाऱ्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की दिशा बदलते. ही सगळी तपासणी प्रोपेलर काढूनच करावी. टेबलावर अचानक सुरू झालेला प्रोपेलर बोटं कापू शकतो.

सर्व्होचा हात बसवण्याआधी रिसीव्हर सुरू करून सर्व्हो मध्यावर येऊ द्यावा. मग हात काटकोनात बसवून तारेची लांबी अशी ठेवावी की झडप सपाट राहील.

सगळ्यात महत्त्वाचा तोल

आता सुरुवातीच्या त्या अपघाताकडे येऊ. नाक वर, मग थबकणं, मग कलंडणं. शेपूट जड असल्याचं हे ठरलेलं लक्षण आहे.

विमानाचं सगळं वजन ज्या बिंदूवर तोललं जातं, तो गुरुत्वमध्य म्हणजे 'सीजी'. किटच्या माहितीपत्रकात तो दिलेला असतो. दिलेला नसेल, तर साध्या सरळ पंखाच्या ट्रेनरसाठी पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर तो धरतात. पंखाची रुंदी १८० मिलिमीटर असेल, तर हा बिंदू ४५ ते ५४ मिलिमीटरवर येतो.

बॅटरी जागेवर ठेवून दोन्ही पंखांखाली या खुणेवर बोटं टेकवावीत आणि विमान उचलावं. ते सपाट राहिलं किंवा नाक किंचित झुकलं तर ठीक. शेपूट खाली गेली, तर बॅटरी पुढे सरकवावी. तेवढ्याने भागलं नाही, तर नाकात थोडं वजन घालावं. एरोमॉडेलिंग करणाऱ्यांमध्ये एक वाक्य प्रसिद्ध आहे: नाक जड असलेलं विमान नीट उडत नाही, शेपूट जड असलेलं विमान एकदाच उडतं.

स्टिक उजवीकडे, विमान डावीकडे?

दुसरी घातक चूक म्हणजे उलटे कंट्रोल. विमानाच्या मागे उभं राहून तीन गोष्टी पाहाव्यात. एलिव्हेटरची स्टिक स्वतःकडे ओढली की शेपटीची आडवी झडप वर गेली पाहिजे. एलरॉनची स्टिक उजवीकडे नेली की उजव्या पंखाची झडप वर आणि डाव्याची खाली हवी. रडरची स्टिक उजवीकडे नेली की रडरही उजवीकडे वळला पाहिजे. उलटं होत असेल, तर ट्रान्समीटरमधल्या 'रिव्हर्स' सेटिंगने ते सुधारतं.

सिग्नल तुटल्यावर मोटर बंद होते का, हेही प्रोपेलर न लावताच तपासावं. नेहमी आधी ट्रान्समीटर सुरू करावा, मग विमानाची बॅटरी जोडावी. बंद करताना क्रम उलटा.

बॅटरीशी खेळ नको

लिपो बॅटरीचा एक सेल पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. लहान विमानांत वापरली जाणारी तीन सेलची बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते. ठेवून द्यायची असेल, तर प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा. फुगलेली बॅटरी वापरू नये आणि चार्जिंगला लावून बाहेर जाऊ नये. लिपोला लागलेली आग फार वेगाने पसरते.

कुठे उडवता येतं?

भारतात २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. त्यात शिक्षण, संशोधन किंवा हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे. त्यांना टाइप सर्टिफिकेटची सक्ती नाही, पण म्हणून कुठेही उडवण्याची मुभा मिळत नाही. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत, तर विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच ही हद्द आहे. झोन सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर दिसतात. मुंबईत तर पोलीस वेळोवेळी ड्रोनसोबत रिमोटवर चालणाऱ्या छोट्या विमानांवरही बंदीचे आदेश काढतात. त्यामुळे स्थानिक आदेश पाहूनच बाहेर पडावं.

आणि मग पहिलं उड्डाण

वारा शांत असलेली सकाळ आणि माणसं, वाहनं, विजेच्या तारा नसलेलं मैदान निवडावं. विमान दुसऱ्या कुणाला तरी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, सपाट फेकायला सांगावं, म्हणजे दोन्ही हात ट्रान्समीटरवर राहतात. आधी उंची गाठावी, वळणं नंतर. विमान स्वतःच्या दिशेने येताना डावं-उजवं उलटं वाटतं. तेव्हा एकच लक्षात ठेवावं: जो पंख खाली झुकलाय, त्या बाजूला स्टिक न्यायची.

एवढं करूनही विमान पडू शकतं. पण तोल आणि कंट्रोल आधीच तपासलेले असतील, तर पडण्याचं कारण शोधता येतं. फोम चिकटवायचा, सीजी पुन्हा तपासायचा आणि पुढच्या रविवारी परत मैदान गाठायचं.