डोंबिवली स्थानक : थांबा आधी, गाव मागाहून

आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांचे पत्ते आज ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ह्या तीन नावांशी निगडित झालेले आहेत. मंडळाची वधूवरसूची चाळावी, तर शिक्षण आणि वेतन ह्यांच्या बरोबरीने ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ हे शब्द हटकून आढळतात. ज्या स्थानकापासून आपण असे अंतर मोजतो, त्याचे पूर्ववृत्त मात्र आपल्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय हाती घेतला आहे.

ठाण्याची हकीकत सर्वश्रुत आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी चौदा डबे, तीन इंजिने आणि सुमारे चारशे निमंत्रित मंडळी घेऊन पहिली आगगाडी बोरीबंदराहून निघाली व ३४ किलोमीटर अंतर तोडून ठाण्यास पोहोचली. एकवीस तोफांची सलामीही झडली. ह्या सोहळ्याचे वर्णन पाठ्यपुस्तकांतून सर्वांनी वाचलेले आहे, तेव्हा त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही.

त्यापुढचे काम खरे बिकट होते. ठाण्याच्या पलीकडे खाडी आडवी आणि खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर. खाडीवर पूल बांधून आणि मुंब्र्याकडील डोंगराची कड फोडून लोहमार्ग पुढे नेला, तेव्हा १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणास पोहोचली. कल्याण हे काही नवे गाव नव्हे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत, आणि त्याच्या बंदराची कीर्ती प्राचीन ग्रीक व्यापाऱ्यांपर्यंत गेली होती. रेल्वेने ह्या जुन्या बंदराला नवा व्यवसाय दिला. येथून एक मार्ग बोरघाटाकडे वळला, तो १८६३ मध्ये घाट चढून पुण्याच्या मार्गास मिळाला. दुसरा थळघाटाकडे गेला, तो १८६५ मध्ये इगतपुरीस पोहोचला. गलबतांचे कल्याण जंक्शनचे कल्याण झाले.

आणि डोंबिवली? १८५४ पासून गाड्या डोंबिवलीच्या शिवारातून धावत होत्या, परंतु थांबत नव्हत्या. भातशेतीच्या बांधावर उभे राहून गावकऱ्यांनी धूर पाहावा, शिटी ऐकावी आणि पुन्हा कामास लागावे, असे एकदोन नव्हे, तीस वर्षांहून अधिक काळ चालले. स्थानक झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात. ठाणे व कल्याण ही नगरे आधी होती, रेल्वे त्यांच्याकडे मागाहून आली. डोंबिवलीचा क्रम नेमका उलटा. तेथे थांबा आधी झाला आणि नगर त्याच्याभोवती मागाहून जमले. ह्या एका गोष्टीतच डोंबिवलीचे सारे गुण आणि सारी दुःखे सामावलेली आहेत, असे आमचे मत आहे.

नगर जमण्यास विजेने मोठा हातभार लावला. १९१६ मध्ये पारसिकचा सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा बोगदा पुरा होऊन मुंब्र्याचा वळसा वाचला. १९२५ मध्ये मुंबईत विजेची गाडी सुरू झाली आणि १९३० पर्यंत कल्याणच्या पुढे पुणे व इगतपुरी येथवर तारा पोहोचल्या. ह्या कामासाठी रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे येथे आपले स्वतःचे वीजगृह उभारले होते. वाफेचे ते धुराडे कित्येक वर्षे ह्या परिसराची खूण होऊन राहिले. मुंबईत दोन खोल्या परवडत नाहीत, पण नोकरी तर मुंबईतच, अशा कारकुनास ४८ किलोमीटरांवरील डोंबिवली एकाएकी जवळ वाटू लागली. तो आला, त्याच्यामागून त्याचा भाऊ आला, मग मेहुणा आला. आपल्या ज्ञातीची घरे येथे झाली ती अशीच. १९२४ मध्ये गणेश मंदिर उभे राहिले. पुढे पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे ह्यांच्यासारखे लेखक ह्याच गावी राहिले.

स्थानकाने गावाचे दोन भागही केले. पूर्व आणि पश्चिम हा भेद येथे दिशेचा कमी आणि नात्यागोत्याचा अधिक! ‘आम्ही वेस्टचे’ असे म्हणणारी आजी लग्नानंतर साठ वर्षे पूर्वेस राहिलेली आम्ही पाहिली आहे.

घरोघरी काळ मोजला जातो तोही गाडीने. वडील सात-चौदाने जात, एवढे सांगितले की घराची संपूर्ण दिनचर्या ध्यानी येते. स्त्रिया नोकरीस लागल्या तेव्हा त्यांचा दिवस ह्या वेळापत्रकाच्याही आधी सुरू होऊन नंतर संपू लागला. जुलै १९९२ मध्ये मुंबई-कल्याण मार्गावर केवळ महिलांसाठी स्वतंत्र गाडी सुरू झाली. मेथी निवडणे, वाटाणे सोलणे, हळदीकुंकू, दसऱ्याला डब्याची पूजा, हे सर्व गाडीत चालते. बाहेरच्यास त्याचे कौतुक वाटते. आम्हांस वाटते की, घरी बसून भाजी निवडण्यास वेळ उरत नाही म्हणून ती गाडीत निवडली जाते, हेही कोणीतरी लिहून ठेवावयास हवे.

२०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात गेली. मार्ग मात्र त्या मानाने वाढले नाहीत. ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका १८ फेब्रुवारी २०२२ रोजी खुली झाली आणि जलद लोकल पारसिकच्या बोगद्याऐवजी मुंब्र्यावरून जाऊ लागल्या. जो वळसा १९१६ मध्ये चुकविला होता, तोच असा पुन्हा वाट्यास आला. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दारात लोंबकळणारे प्रवासी दोन लोकलमधून खाली पडले आणि त्यांतील काही प्राणांस मुकले. त्यानंतर साध्या लोकलनाही आपोआप मिटणारी दारे बसविण्याचा निर्णय रेल्वेने जाहीर केला.

त्या सकाळी डोंबिवलीतील घराघरांतून फोन केले गेले. ‘तू कोणत्या गाडीत होतास?’ एवढेच प्रत्येकजण विचारीत होता, आणि पलीकडून उत्तर येईपर्यंत कोणी खाली बसत नव्हते.