मुंबईच्या नावाचा रक्तगट

वैद्यकीय जनुकशास्त्र म्हटलं की आपल्याला परदेशातल्या प्रयोगशाळा आठवतात. पण या शास्त्राच्या इतिहासातलं एक मोठं पान आपल्या मुंबईत लिहिलं गेलं. आज आपण तेच पाहणार आहोत.

१९०१ साली कार्ल लँडस्टायनर यांनी माणसांच्या रक्तात गट असतात हे दाखवलं. ओ गटाच्या तांबड्या पेशींवर ए किंवा बी यांपैकी कुठलीच खूण नसते. त्यामुळे ओ रक्त कुणालाही चालतं, असं मानलं जाई. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांना वेगळीच माणसं आढळली. त्यांचं रक्त तपासणीत ओ दिसे, पण ओ गटाच्या पेशी त्यांच्या रक्तद्रवात घातल्या की गुठळ्या होत. लंडनच्या संशोधकांसह त्यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. डीएनएची रचना उलगडायला तेव्हा अजून एक वर्ष होतं, हे लक्षात घ्या.

मग कोडं काय होतं? ए आणि बी या खुणा ‘एच’ नावाच्या पायावर चढतात. खुंटीच नसेल तर पगडी अडकवणार कशावर? ओ गटात पगडी नसते, पण खुंटी असते. ‘बॉम्बे’ गटात खुंटीही नसते. म्हणून त्यांच्या शरीराला ओ रक्तसुद्धा परकं वाटतं. चुकून दिलं गेलं तर जिवावर बेतू शकतं.

आता घराघरातला प्रश्न. खुंटी बनवणारा जनुक आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेला आला, तरच हा गट होतो. दोघे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यात ही शक्यता चारात एक. आते-मामे भावंडांच्या लग्नात दोघांकडे एकच बिघाड असण्याची शक्यता वाढते. दोष एकट्या आईचा कधीच नसतो.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक आहे. अशा माणसाकडे ए किंवा बीचा जनुक असू शकतो, फक्त तो दिसत नाही. तो मुलात गेला की मूल ए किंवा बी गटाचं निघतं. कागदावर आईवडील दोघेही ओ, आणि मूल बी! एवढ्यावरून एखाद्या बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणं म्हणजे अर्धवट तपासणीवर निवाडा देणं.

हा आजार नव्हे. ही माणसं एरवी ठणठणीत असतात. भारतात साधारण दहा हजारांत एक असा सापडतो. त्याला रक्त फक्त याच गटाचं चालतं. म्हणून रक्त देण्याआधीचं क्रॉसमॅच टाळू नये, आणि कुणाचा हा गट निघाला तर सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करावी. रक्ताची गरज पडण्याआधीच.