दगडी चाकापासून ऑल-टेरेन टायरपर्यंत : स्वारगेटवरून दिसणारा चाकाचा इतिहास

१/ पुण्याच्या स्वारगेटचे नाव घोडेस्वारांच्या चौकीशी जोडले जाते. आज येथून एस.टी. साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे आणि कोकणाकडे निघते. पावसाळ्यातील शनिवारी सकाळी याच चौकातून थार आणि गुरखा गाड्या घाटांकडे जाताना दिसतात. त्यांतील अनेकांना कंपनीने दिलेल्यापेक्षा मोठे, खोल खाचांचे टायर बसविलेले असतात. मोठे चाक खरेच बरे का? या प्रश्नाला दख्खनमध्ये जवळपास दोन शतकांचा इतिहास आहे. 🧵

२/ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देशावरची बहुतांश मालवाहतूक बैलांच्या पाठीवरून चाले. लमाणांचे तांडे मीठ आणि धान्य घेऊन घाट चढत-उतरत. गाड्या थोड्या होत्या. त्यांतील कित्येकांची चाके भरीव लाकडाची, तर काहींची चक्क दगडाची असत. अशी चाके घडविण्यास सोपी आणि न मोडणारी, पण ती ठेंगणी आणि अतिशय जड होती. एक गाडी ओढण्यास बैलांच्या अनेक जोड्या लागत.

३/ ठेंगणे चाक का अडते? चाकाला धोंडा आडवा आला की त्याला त्यावर चढावे लागते. धोंडा जितका चाकाच्या आसाच्या उंचीजवळ, तितका चढ उभा. चाकाचा व्यास वाढला की तोच धोंडा तुलनेने लहान होतो आणि कमी ओढीत पार होतो. आजचा मोठा टायर याच नियमावर चालतो.

४/ १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. त्याच दशकात इंदापूर-सोलापूर भागात जमिनीची नवी मोजणी सुरू झाली. मोजणी खात्यातील गेसफर्ड या अधिकाऱ्याने सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे सुधारलेल्या बैलगाड्या बनवून घेण्यास चालना दिली. आऱ्यांचे, मोठ्या व्यासाचे, हलके चाक आणि एकच बैलजोडी, असे तिचे रूप. पुढे ही गाडी देशभर रुजली.

५/ या चाकावर लोहार लोखंडी पट्टी चढवी. तिला ‘धाव’ म्हणतात. धाव लालभडक तापवायची, लाकडी चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचे. लोखंड आकसले की आरे आणि पाटे घट्ट आवळले जातात. इंग्रजीतील ‘टायर’ हा शब्दही रबर येण्यापूर्वी याच लोखंडी पट्टीसाठी वापरात होता.

६/ हवेच्या टायरचे पहिले पेटंट १८४५ साली स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी घेतले, पण तो व्यवहारात टिकला नाही. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी सायकलसाठी तो नव्याने घडविला. चाकाखाली आता हवेची गादी आली. धोंडा आला तर टायर स्वतः दबू लागला आणि गाडी कमी उसळू लागली.

७/ दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपला ६.००-१६ मापाचे टायर होते. म्हणजे रुंदी ६ इंच, रिमचा व्यास १६ इंच. आजच्या नजरेला हा टायर काटकुळा वाटेल. पण चिखलाचा थर पातळ आणि खाली जमीन टणक असेल, तर अरुंद टायर चिखल कापत तळाशी पोहोचतो व तेथे पकड घेतो. हलक्या जीपला ते पुरेसे होते.

८/ वाळूत गणित उलटते. तेथे तळाशी टणक काही नसते, म्हणून भार पसरावा लागतो. १९४० साली इजिप्तमध्ये राल्फ बॅगनॉल्ड यांनी उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या गाड्या मऊ वाळूत टायरमधील हवा कमी करीत. टायर जमिनीवर साधारण आतल्या हवेइतकाच दाब टाकतो. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो आणि गाडी रुतत नाही. नवे टायर न घेताही गाडीची चाल बदलण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मात्र डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी लागते, नाहीतर टायर तापून फुटू शकतो.

९/ महिंद्र कंपनीची स्थापना २ ऑक्टोबर १९४५ रोजी झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस तिने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. तिकडे १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी अहमदनगर-पुणे मार्गावर धावली. जेथे एस.टी. पोहोचत नसे, तेथे जीप जाई. पोलीस, तहसीलदार, निवडणूक प्रचार आणि पुढे वडाप, सर्वांची भिस्त तिच्यावर.

१०/ रबरी टायरने बैलगाडीही बदलली. साखर कारखान्यांच्या परिसरात हवेच्या चाकांची ‘टायरगाडी’ आली. ऊसतोड मजुरांच्या तोडीला आजही ‘टायर सेंटर’ हे नाव आहे. चाक हलके फिरू लागले, तसा गाडीवरचा उसाचा भार वाढला. कमी झालेले कष्ट बैलाच्या वाट्याला विश्रांती म्हणून आलेच असे नाही. चाक सुधारले की लाभ कोणाला मिळतो, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

११/ १९४६ साली मिशलँ कंपनीने रेडियल टायरचे पेटंट घेतले. १९७६ साली बी.एफ. गुडरिचने रेडियल ऑल-टेरेन टायर आणला : डांबरावर शांत, कच्च्या वाटेवर पकड देणारा. ही तडजोड आहे. निव्वळ चिखलाच्या टायरइतकी पकड त्यात नसते आणि निव्वळ रस्त्याच्या टायरइतके इंधनही वाचत नाही.

१२/ आता आकडेमोड. २४५/७५ आर १६ या टायरचा व्यास सुमारे ७७४ मि.मी. त्याऐवजी २६५/७५ आर १६ बसविला तर सुमारे ८०४ मि.मी. फरक ३० मि.मी., पण आस उचलला जातो त्याच्या निम्मा, म्हणजे केवळ १५ मि.मी. उलट एका फेरीत गाडी जवळपास ४ टक्के अधिक अंतर कापते. काटा ८० दाखवील तेव्हा खरा वेग ८३ असेल. आणि जड चाक थांबविण्याचे काम त्याच जुन्या ब्रेककडे राहील. पावसात कात्रज घाट उतरताना ही गोष्ट जिवावर बेतू शकते.

१३/ कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरविलेल्या व नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. म्हणून त्याच मॉडेलसाठी उत्पादकाने मान्य केलेल्या मापांत राहून ऑल-टेरेन नक्षी निवडणे, हा शहाणपणाचा मार्ग.

१४/ सह्याद्रीत वाळवंट नाही. येथे काळी चिकण माती, मुरूम, जांभा आणि शेवाळलेला कातळ आहे. काळ्या मातीत रुंद टायरच्याही खाचा भरून जातात आणि चाक गुळगुळीत होते. तेथे रुंदीपेक्षा मोकळ्या, आपोआप साफ होणाऱ्या खाचा अधिक कामाच्या. टोकदार कातळावर टायरच्या कडेची भिंत मजबूत हवी. आधी वाट पाहावी, मग चाक ठरवावे.

१५/ टेंभुर्णीच्या गाडीने हेच केले होते. तिचे चाक दख्खनच्या वाटेला आणि एका बैलजोडीच्या ताकदीला बेताचे होते, म्हणून ती टिकली. वाचकहो, तुमच्या गावी जुने दगडी चाक, धाव चढविणारा लोहार किंवा पहिल्या जीपची आठवण सांगणारे आजोबा असतील, तर ती नोंद छायाचित्रासह या धाग्याखाली अवश्य जोडा.