नागलीची भाकर आणि कणसरीचे गाणे : जव्हार-मोखाड्याचा वारसा जपायचा म्हणजे काय?

पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू हे तालुके बातम्यांत येतात ते बहुधा कुपोषणामुळे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हा भाग राज्याला माहीत झाला. पण याच डोंगरांत वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, ठाकूर समाजांनी अन्नाचे मोठे ज्ञान पिढ्यानपिढ्या सांभाळले आहे. हे ज्ञान आणि ही भूक एकाच पाड्यावर कशी नांदते, हा प्रश्न बाजूला ठेवून वारशाबद्दल बोलता येणार नाही, असे आम्हाला वाटते.

रानातले ताट

नागली, वरई आणि भात ही इथली मुख्य पिके. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते; पॉलिश केलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास. पावसाळा लागला की शेवळे, लोत, कोळीभाजी, टाकळा, कुरडू, भारंगी ताटात येतात. शेवळे खाजरे असते, म्हणून त्यात काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालतात. कडूकंदाच्या चकत्या राख घालून उकळतात आणि वाहत्या पाण्यात ठेवून त्यांचा कडूपणा काढतात. यात चूक झाली तर खाणारा आजारी पडतो. म्हणजे या नुसत्या पाककृती नाहीत, हे पारखून घेतलेले शास्त्र आहे. आणि ते मुख्यतः बायकांच्या हातात आहे.

अन्नाला धरून गाणे

वारल्यांची धान्यदेवता कणसरी. तिची कथा घांगळी या तंतुवाद्यावर गायली जाते. भात पिकू लागला की वाळलेला दुध्या भोपळा आणि बांबू यांपासून केलेला तारपा वाजतो. लग्नात सवासिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. लग्न लावण्याचा मान तिचा, म्हणजे एका स्त्रीचा असतो. शेतातून पीक गेले की गाण्याचा प्रसंगही जातो. म्हणूनच खाद्यसंस्कृती आणि लोककला यांचे जतन वेगवेगळे करता येत नाही.

तुटते कुठे?

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. मुले आश्रमशाळेत असतात. जंगल विरळ होते आणि नागलीच्या जागी रेशनचा तांदूळ येतो. भूक भागवायला रेशन हवेच, त्याला आमचा विरोध नाही. पण नागलीची काळी भाकर शाळेत लपवून खाणारे मूल आम्ही पाहिले आहे. ही लाज आपल्याला अनोळखी नाही. आपल्या वस्त्यांतले जेवणही पाककृतींच्या पुस्तकांत कधी नव्हते. मराठवाड्यातील महार-मांग समाजांचे खाणे शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’मध्ये नोंदवले, तेव्हा २०१५ साल उजाडले होते.

दोन उदाहरणे

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० मध्ये पद्मश्री मिळवली. डहाणूच्या जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरचे वारली चित्र कागदावर आणून जगापुढे ठेवले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी पडद्यांवर आणि कपांवर छापलेल्या तारपानृत्याचे पैसे पाड्यापर्यंत किती पोहोचतात, हे विचारलेच पाहिजे.

कायद्याचा आधार

- संविधानाचे कलम २९ प्रत्येक समूहाला आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क देते.
- १९९६ च्या पेसा कायद्याने परंपरा आणि सांस्कृतिक ओळख राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला.
- २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या मालकीबरोबरच पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्कही मान्य केला आहे.
- २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावपातळीवरील समितीने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

ग्रामसभेची परवानगी घेऊन नोंद करावी. माहिती देणाऱ्या बाईचे नाव तिच्या संमतीने लिहावे आणि नोंदीची प्रत पाड्यावर ठेवावी. गाणे तिच्याच बोलीत उतरवावे, ‘शुद्ध’ करू नये. आपल्या गावची जैवविविधता नोंदवही नुसती कागदावर आहे का, ते तपासावे. आश्रमशाळेच्या आणि अंगणवाडीच्या आहारात नागली यावी यासाठी पाठपुरावा करावा. त्याच वेळी सर्पदंशाला दवाखानाच हवा, हेही स्पष्ट सांगावे. वारसा जपताना विवेक सोडायचा नसतो.

रानभाजी महोत्सवात एक दिवस भाजी चाखून हा वारसा वाचणार नाही. ज्या बाईला कडूकंद गोड करता येतो, तिचा त्या रानावरचा हक्क शाबूत राहिला, तिला पोटासाठी भट्टीवर जावे लागले नाही, तर ती आपल्या लेकीला शिकवेल. तिचा हा हक्क टिकवण्याच्या लढ्यात आपण तिच्या सोबत उभे राहायचे आहे.