जीवांतक : काशीतील काही पारिभाषिक संज्ञांचा पूर्वेतिहास

‘अझोट’ हा शब्द इंग्रजीत आज कोणी वापरीत नाही; जुने रसायनग्रंथ चाळणाऱ्यालाच तो क्वचित भेटतो. 1787 मध्ये लाव्हाझिए आणि त्याचे सहकारी यांनी रसायनशास्त्राची नवी परिभाषा सिद्ध केली, तीत हवेच्या एका घटकाला हे नाव मिळाले. ग्रीक घटकांप्रमाणे त्याचा अर्थ ‘जीवनहीन’ असा होतो. कारण त्या वायूत कोंडलेला प्राणी गुदमरून मरतो. 1790 मध्ये शाप्तालने ‘नायट्रोजन’ हे नाव सुचविले. काही दशके दोन्ही नावे इंग्रजीत नांदली आणि मग ‘अझोट’ मागे पडले. फ्रेंचांनी ते सोडले नाही. परंतु त्याचा अर्थ आणखी एका ठिकाणी, अगदी अनपेक्षित वेषात, टिकून राहिला. काशीच्या संस्कृत पाठशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या वायूला जी संज्ञा देण्यात आली ती होती ‘जीवांतक’.

ही पाठशाळा जोनाथन डंकन या रेसिडेंटाने 1791 मध्ये स्थापिली. 1846 मध्ये तिची सूत्रे जेम्स बॅलंटाइन याच्या हाती आली व 1861 पर्यंत ती त्याच्याकडे होती. युरोपीय विद्या पंडितांच्या गळी उतरवावयाची तर ती त्यांच्याच शास्त्रभाषेतून आणि त्यांच्याच विवेचनपद्धतीने उतरवावी, हा त्याचा आग्रह होता. 1852 मध्ये पंडित विठ्ठलशास्त्री यांच्या साहाय्याने बेकनच्या ‘नोव्हम ऑर्गेनम’चे संस्कृत विवरण ‘बेकनीयसूत्रव्याख्यानम्’ या नावाने प्रसिद्ध झाले. हे नावच बोलके आहे. बेकनने आपला ग्रंथ सुटसुटीत वचनांत रचला होता. काशीत त्या वचनांची सूत्रे झाली, आणि सूत्र म्हटले की त्यावर व्याख्यान आलेच. विज्ञानाचा जो सारग्रंथ बॅलंटाइनने रचला तोही न्यायदर्शनाच्या चौकटीत बसविलेला होता.

आजच्या वाचकाला हा खटाटोप विक्षिप्त वाटतो. रसायन आणि यंत्रशास्त्र यांचा गौतमाच्या पदार्थांशी संबंध काय, असे तो विचारील. पण हा प्रश्न पडतो तो एका इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ विस्मृतीत गेल्यामुळे. त्या काळच्या इंग्रजीत भौतिक विज्ञानाला ‘नॅचरल फिलॉसफी’ म्हणत. ‘सायंटिस्ट’ हा शब्द व्ह्यूएलने 1830 नंतरच्या दशकात घडविला आणि तो रुळावयास पुढे पुष्कळ काळ लागला. न्यूटन स्वतःला तत्त्वज्ञच समजत असे. ज्या विद्येचे नावच ‘सृष्टीचे तत्त्वज्ञान’, ती दर्शनाच्या परिभाषेत मांडण्यात बॅलंटाइनने काही ओढाताण केली असे म्हणता येत नाही. मराठीतील ‘पदार्थविज्ञान’ या संज्ञेतही त्या युगाची खूण आहे. न्यायवैशेषिकांचा ‘पदार्थ’ तीत शिल्लक राहिला, मग स्वयंपाकघरात त्याचा काही का अर्थ होईना.

आता मूलद्रव्यांकडे वळू. हायड्रोजनला काशीत ‘जलकर’ म्हटले; ते मूळ ग्रीक घटकांचे सरळ भाषांतर आहे. ऑक्सिजनचे मात्र तसे केले नाही. ‘ऑक्सिजन’ म्हणजे आम्लजनक. गंधक व स्फुरद जाळल्यावर आम्ले होतात, यावरून प्रत्येक आम्लात हा वायू असलाच पाहिजे असे लाव्हाझिएने अनुमान केले. 1810 मध्ये डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखविले. त्याच्या आम्लात ऑक्सिजनचा लेशही नव्हता आणि अनुमान ढासळले. नाव मात्र राहिले. जर्मनांनी तर ‘झाउअरश्टोफ’ असे भाषांतर करून ती चूक आपल्या भाषेत पक्की केली. काशीत निवडलेली संज्ञा होती ‘प्राणप्रद’. तिच्यामागे लाव्हाझिएच्या पूर्वीचा, आता तितकाच अपरिचित झालेला ‘व्हायटल एअर’ हा शब्दप्रयोग उभा आहे.

मराठीत त्याच शब्दप्रयोगाची छाया ‘प्राणवायू’त दिसते. सोपा, गोड आणि सर्वमुखी झालेला हा शब्द शास्त्रदृष्ट्या मात्र अडचणीचा आहे. कारण योग आणि आयुर्वेद यांत प्राण हा पंचवायूंपैकी एक, शरीरस्थ वायू आहे. ‘प्राणप्रद’ हे विशेषण घेतल्याने हा घोटाळा टळतो. शास्त्रांच्या नित्य सहवासाखेरीज असा विवेक सुचत नाही.

याच पाठशाळेत 1842 पासून गणित शिकविणारे बापूदेवशास्त्री हे महाराष्ट्रीय. त्यांचा ‘सूर्यसिद्धान्ता’चा इंग्रजी अनुवाद 1861 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यांच्या विषयात शब्दांचा प्रवास उलट दिशेने घडलेला होता. ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ ही संज्ञा अरबीत गेली, तेथे तिच्या अक्षरांचे वाचन ‘खळगा, वस्त्राची चुणी’ अशा अर्थाच्या शब्दाने झाले, त्याचे लॅटिनमध्ये ‘सायनस’ झाले आणि इंग्रजांनी ते ‘साइन’ म्हणून काशीला परत आणले. उत्क्रमज्येला इंग्रजीत ‘व्हर्स्ड साइन’ म्हणत. नाविकांच्या कोष्टकांबरोबर तो शब्दही अस्तास गेला.

बॅलंटाइनच्या संज्ञा पाठशाळेबाहेर फारशा गेल्या नाहीत. 1859 मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म आणि हिंदू दर्शने यांची तुलना करणारा ग्रंथ लिहिला. विज्ञान ही त्याच्या दृष्टीने वाटेवरची पायरी होती, आणि पंडितांना ते दिसत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. शिवाय ज्या मुलांना रसायन शिकावयाचे होते ती देशी भाषांतील शाळांत होती. काशीतच 1893 मध्ये स्थापन झालेल्या नागरी प्रचारिणी सभेने 1906 मध्ये वैज्ञानिक कोश काढला तो हिंदीसाठी. पुढे नागपुरात डॉ. रघुवीरांनी ‘जारक’, ‘भूयाति’ अशा संज्ञा घडविल्या. त्याही ग्रंथांतच राहिल्या. 1961 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय परिभाषा आयोगाने मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावे ठेवण्याचे धोरण स्वीकारले.

मराठी शेतकऱ्याने मात्र आपली त्रयी सोडलेली नाही : नत्र, स्फुरद, पालाश. खतांच्या चर्चेत ही नावे आजही सहज ऐकू येतात. यांपैकी ‘नत्र’ ध्वनीवरून आला. ‘स्फुरद’ अर्थावरून बेतला. प्रकाश देणारा तो फॉस्फरस. ‘पालाश’मध्ये ध्वनी आणि अर्थ दोन्ही साधले आहेत. ‘पॉटॅश’ हा मुळात मडक्यातील राख अशा अर्थाचा जोडशब्द. लाकडाची राख पाण्यात कालवून, ते पाणी आटवून हा क्षार काढीत. आणि आयुर्वेदाचा पलाशक्षार पळसाच्या राखेतूनच निघतो.